होडीला आउटबोर्ड बसवताना

आमचं घर तळाशीलला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. होडी खाडीत असते आणि मासे समुद्रात, त्यामुळे सर्जेकोटसमोरच्या मुखातून जा-ये करण्यावाचून गत्यंतर नाही. या मुखात वाळूचा बांध आहे. तो नेमका कुठे सरकलाय हे दर पावसाळ्यानंतर नव्याने शोधावं लागतं. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली की ती बांधावरच फुटते, आणि वल्ही मारणारा माणूस कितीही जोर लावला तरी तिथल्या तिथे राहतो. बाबांनी आयुष्यभर पाण्याची आणि वाऱ्याची वेळ सांभाळली. पहाटेच्या मतलईवर शीड उभारून बाहेर पडायचं, दुपारी खारा वारा सुटला की आत यायचं. बांगडा मात्र ही वेळ सांभाळत नाही.

बाबांचा खांदा गेला, भाऊ गोव्यात नोकरीला लागला आणि वल्ह्यावर दुसरा माणूस मिळेनासा झाला, तेव्हा मशीन घ्यायचं ठरलं. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं मशीन. होडी फायबरची, अठरा फुटी, मागून सपाट कापलेली. जुनी उलांडीची, म्हणजे बाजूला तरंगता ओंडका जोडलेली, होडी असती तर प्रकरण वेगळं झालं असतं. तिची दोन्ही टोकं निमुळती, मशीन टांगायला मागे फळीच नाही. मग आडवं लाकूड बांधून बाजूला टांगा, नाहीतर विचार सोडा. आमच्या होडीला फळी होती, म्हणून निदान प्रश्न तिथे अडला नाही.

गावात याबाबत दोन पक्ष आहेत आणि दोघांचंही खरं आहे. एक पक्ष आतल्या डिझेल मशीनचा. डिझेल कमी जळतं, मच्छीमार सोसायटीमार्फत त्यावर परतावा मिळतो, मशीन राकट असतं आणि वाडीतला कुठलाही मेस्त्री ते डोळे मिटून खोलतो. मोठ्या होड्यांना तेच योग्य, यात मला शंका नाही. पण अठरा फुटांच्या होडीत ते मशीन बरोबर मधोमध बसतं, म्हणजे जिथे जाळं ठेवायचं तिथे. त्याचा शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारी सळई, तळातून भोक पाडून बाहेर काढावा लागतो. त्या भोकातून थेंब थेंब पाणी येतच राहतं, पॅकिंग आवळत बसायचं. आणि शेवटी होडी ढकलणारा पंखा होडीच्या तळाखाली कायमचा अडकलेला. आमच्या मुखात सुकतीला कमरेएवढंही पाणी नसतं. तिथे पंखा वाळूला लागला की शाफ्टच वाकतो, आणि वाकलेला शाफ्ट सरळ करायचा तर होडी ओढून वर घ्यावी लागते. ओळखीच्यातल्या एकाचा अख्खा हंगाम असा किनाऱ्यावर गेलेला मी पाहिला आहे.

दुसरा पक्ष आउटबोर्डचा. त्यांचं पहिलं म्हणणं वेगाचं असतं, आणि मला तेच सगळ्यात कमी पटतं. तारकर्ली-देवबागला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या सुसाट जाताना बघून पोरांना वाटतं, आउटबोर्ड म्हणजे वेग. लहान होडीच्या माणसाला त्याचा खरा उपयोग दुसराच आहे. हे मशीन उचलता येतं. बाकीचे बहुतेक फायदे या एका गोष्टीतून येतात.

बाबांनी फार चौकशा केल्या नाहीत. एवढंच विचारलं, "वर उचलूक येता मा? मगे झाला." थोडं थांबून पुढे म्हणाले, "पण वल्ह्याक पेट्रोल लागना नाय, ह्या ध्यानात ठेव."

मग किती हॉर्सपॉवरचं घ्यायचं हा वाद. चुलतभावाचा आग्रह पंचविसाचा. मी ९.९ वर थांबलो आणि त्यामागे हिशोब होता. ज्या होडीचा तळ पाणी कापत जातो, पाण्यावर चढून घसरत नाही, तिला वेगाची एक नैसर्गिक मर्यादा असते आणि ती होडीच्या पाण्यातल्या लांबीवर ठरते. फुटातल्या लांबीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला १.३४ ने गुणायचं, की नॉटमधला, म्हणजे तासाला किती सागरी मैल हा, वेग मिळतो. आमची होडी पाण्यात सोळा फूट बसते, म्हणजे साधारण साडेपाच नॉट. त्याच्या पुढे जायचं तर होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं, आणि त्यासाठी ताकद दुपटीने-तिपटीने लागते. जाळं, बर्फाची पेटी आणि दोन माणसं घेऊन तसं चढणं आमच्या होडीला जमणार नव्हतं. पंचविसाचं मशीन लावलं असतं तर मागची बाजू खाली दबली असती, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आभाळाकडे गेली असती आणि पेट्रोल जळून पाणी नुसतं ढवळलं गेलं असतं. साडेपाच नॉटला ९.९ पुरून उरतं. जे उरतं ते मुखातल्या उलट्या प्रवाहासाठी राखून ठेवायचं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, इथे मी बराच घुटमळलो. टू-स्ट्रोक हलकं, पुर्जे कमी, बिघडलं तर मेस्त्री किनाऱ्यावर फडकं पसरून दुरुस्त करतो. पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, साधारण पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिली, आणि नवं असताना त्याच्या दुप्पट. ते मिश्रण रोज मापून करायचं, धूर सोसायचा आणि पेट्रोलही जास्त घालायचं. केरळात आणि कर्नाटकात अनेक वर्षं रॉकेलवरची आउटबोर्ड चालली. सुरू पेट्रोलवर करायची आणि तापलं की रॉकेलवर वळवायची. तिथल्या सरकारांनी मच्छीमारांना सवलतीचं रॉकेल दिलं म्हणून ते गणित बसलं. रॉकेल महागलं आणि मिळेनासं झालं तसे तिकडचे लोकही पेट्रोलकडे वळू लागले. मी फोर-स्ट्रोक घेतलं. वजन चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे तशा टू-स्ट्रोकपेक्षा थोडं जड. पण तेल वेगळं राहतं, आवाज कमी आणि हळू चालवताना पेट्रोल खरोखर वाचतं. जाळं टाकताना आपण अर्धा वेळ हळूच चालवत असतो.

आता फळीबद्दल. मशीन विकत घेण्यापेक्षा जास्त काम या फळीवर झालं आणि माझ्या मते लोकांचं सगळ्यात कमी लक्ष इथेच असतं. आउटबोर्डचा पाय, म्हणजे पाण्यात जाणारा खालचा भाग, मुख्यतः दोन मापांत येतो, आखूड पंधरा इंचांचा आणि लांब वीस इंचांचा. फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत बरोबर मधोमध, फळीच्या उतारावरून टेप लावायचा. बाजूला मापलं तर चूक आकडा येतो, कारण तळ मधे खोल असतो. आमचं माप साडेपंधरा इंच आलं. म्हणजे आखूड पाय. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याखाली इंचभर यायला हवी. जास्त वर राहिली तर पंखा हवा ओढतो, मशीन एकदम किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. जास्त खाली गेली तर पाय पाण्यात ओढला जातो आणि मागे पाण्याचा फवारा उडतो.

मी माप कागदावर लिहून विक्रेत्याला पाठवलं होतं. पेटी आली, उघडली, तर आत लांब पायाचं मशीन. विक्रेत्याचं म्हणणं, "पाच इंचांनी काय होतंय, जास्त खोल गेलं तर चांगलंच." मुखात पाच इंच म्हणजे काय हे त्याला शहरात बसून कळणं कठीण होतं. मी पेटीला पुन्हा पट्ट्या मारून ती परत पाठवली. बदली मशीन येईपर्यंत वेळ गेला, पण त्या वेळात फळीचं काम निघालं.

होडी बांधणाऱ्याने फळी वल्ह्याच्या हिशोबाने केलेली होती. नख मारलं की आतून पोकळ आवाज येत होता. फायबरच्या मेस्त्रीने आतल्या बाजूने कापून पाहिलं, तर आतलं लाकूड ओलं होऊन भुसभुशीत झालेलं. हाताने कुस्करलं तर चुरा पडला. अशा फळीवर चाळीस किलो टांगून त्यावर मशीनचा जोर दिला असता तर फळी मशीनसकट गेली असती. मेस्त्रीने सगळं कुजकं लाकूड खरवडून काढलं, दोन दिवस उन्हात वाळवलं आणि मरीन प्लायचे दोन थर रेझिनने चिकटवून आत बसवले. शिकंजे लावून रात्रभर दाबून ठेवले. त्यावर फायबरचं कापड, मग रेझिन, पुन्हा कापड. कोपऱ्यात, जिथे फळी होडीच्या बाजूंना मिळते, तिथे जाड पट्ट्या मारल्या. जोर फळीतून होडीच्या अंगात त्याच कोपऱ्यातून जातो. शेवटी दोन बोल्ट आरपार. भोकं पाडली की त्यांच्या आतल्या भिंतीला रेझिन चोपडायचं, नाहीतर पाणी तिथूनच पुन्हा लाकडात शिरतं. मेस्त्री हे काम मन लावून करत होता आणि मी नुसता शेजारी बसून बघत होतो. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा ते तो हवेवरून ठरवतो, मापाने नाही.

मशीनला पुढे दोन स्क्रू असतात, हाताने आवळायचे. पुष्कळ जण तेवढ्यावरच भागवतात. धक्क्याने स्क्रू सैल होतात आणि मशीन फळीवरून चढून पाण्यात पडतं. म्हणून आरपार बोल्ट, आणि वर एक जाड नायलॉनची दोरी मशीनच्या हँडलपासून होडीच्या कडीला. दोरीचा खर्च काहीच नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. वल्ह्याच्या होडीची नोंद आधी होतीच. मशीन बसलं की वर्ग बदलतो, म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंद बदलून घ्यावी लागते. अर्ज होड्यांच्या नोंदणीच्या केंद्राच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवर जातो, मशीनचा नंबर, बिल आणि फोटो लागतात, कोणीतरी येऊन होडी बघून जातं. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ खालचा परवानाही त्यानुसार बदलतो. यात एक गोष्ट आहे जिचा विचार आधी करावा. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी मशीनच्या होड्यांना लागते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना लागत नाही. मशीन बसवलं की ते दोन महिने आपली होडी समुद्रात जाऊ शकत नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. पावसाळ्यात समुद्रावर जाण्याचे दिवस त्यांनी केव्हाच मागे टाकले होते.

आखूड पायाचं मशीन आलं, मेस्त्रीने दोघांच्या मदतीने ते फळीवर चढवलं आणि खाडीत पहिल्यांदा दोरी ओढायची वेळ आली. मालवणच्या बाजूला आउटबोर्ड दुरुस्त करणारे एक वयस्कर मेस्त्री आहेत, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्या शेडमध्ये जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूड मशीनची झाकणं भिंतीला टांगलेली आहेत. एव्हिनरूडने १९०९ साली अमेरिकेत मिल्वॉकीला आउटबोर्डचा धंदा उभा केला आणि २०२० मध्ये त्या नावाचं मशीन बनणं बंद झालं. मेस्त्री मात्र त्या झाकणांवर हात फिरवत अजून सांगतात की अमुक मशीन कसं गुणी होतं. आता किनाऱ्यावर बहुतेक यामाहा, सुझुकी, होंडा दिसतात.

त्यांनी मला क्रम शिकवला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आधी उघडायचा. तो बंद राहिला तर मशीन पाच-दहा मिनिटं नीट चालतं आणि मग पेट्रोलवाचून गुदमरतं, आणि माणूस उगाच प्लग काढत बसतो. मग पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा. त्यावर बाण असतो, तो मशीनकडे हवा. फुगा कडक लागेपर्यंत दाबायचा. लाल गुंडाळीची दोरी मनगटाला अडकवायची. माणूस पाण्यात पडला तर ती निघते आणि मशीन बंद पडतं. एकट्याने मासेमारी करणाऱ्याला ही दोरी न लावणं म्हणजे होडी आपल्याला सोडून निघून जाण्याची सोय करणं. न्यूट्रल, चोक, आणि दोरी आधी हलकी ओढून गच्च लागली की मग जोरात. तिसऱ्या ओढीला मशीन पेटलं.

मी आनंदाने मशीन वळवायच्या दांड्यावर हात ठेवला. मेस्त्रींनी तो बाजूला केला. "आदी पाणी थुकता काय बघ."

मशीनच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून पाण्याची धार येते. मशीन चालू असताना खालचा रबरी पाकळ्यांचा इम्पेलर समुद्राचंच पाणी वर ओढतो, ते मशीनभोवती फिरून थंड करतं आणि त्यातली थोडी धार खुणेसाठी बाहेर सोडलेली असते. धार नसली तर मशीन लगेच बंद करायचं, विचार नंतर. माझ्या मते आउटबोर्ड चालवणाऱ्याला एकच सवय लावायची असेल तर ही. मी आता बोलता बोलता, जाळं सोडता सोडता, मान वळवून धार बघतो. बायको म्हणते, घरी नळ उघडला तरी तसाच बघता.

नव्या मशीनला पहिले दहा तास जपावं लागतं. पहिला तास अर्ध्यापेक्षा कमी उघडून, दुसरा तास पाऊणपर्यंत, पुढचे तास पूर्ण उघडायचं ते थोडाच वेळ, आणि एकाच वेगावर सतत चालवायचं नाही. हे सगळं खाडीतच केलं. तोंडवळीच्या बाजूने वर, कालावलच्या पुलाकडे, पुन्हा खाली. मासे नाहीत, जाळं नाही, नुसतं पेट्रोल जाळत फिरणं. किनाऱ्यावरची माणसं हात करून विचारत, "खय चललास रे?" काय सांगणार? वीस तासांनी तेल बदललं आणि खालच्या गिअरचंही तेल बदललं. पहिल्या तेलात चकाकणारी बारीक पूड येते, ती गिअर एकमेकांत बसल्याची. ती पाहून घाबरायचं नाही. दुसऱ्या वेळीही तेवढीच आली तर मात्र मेस्त्रीला गाठायचं.

मग मुख. पहिल्यांदा मशीनवर बाहेर पडलो तेव्हा उधाणाची सुकती होती. बाबा वल्ह्यावर असते तर त्या वेळी घरातूनच निघाले नसते. बांधाच्या आधी मी वेग कमी केला आणि लाटा मोजत थांबलो. हे थांबणं वल्ह्यावर जमत नाही, कारण थांबलं की प्रवाह आडवं करतो. मशीनवर दांड्याचा हलका जोर ठेवून होडी नाळ समोर करून एका जागी धरता येते. आउटबोर्डला सुकाण वेगळं लागत नाही, पूर्ण मशीनच वळतं, म्हणजे पाण्याचा रेटाच वळतो. होडी न चालतादेखील वळते. मोठी लाट गेली, तिच्या मागच्या सपाटीत पुढे गेलो, आणि बांधाच्या उथळ जागेवर मशीन एक खाच वर उचललं. उथळ पाण्यासाठी ही खाच मुद्दाम दिलेली असते. पंखा वर येतो पण पाणी ओढणारी जाळी पाण्यातच राहते, एवढी काळजी घ्यायची. आणि या खाचेवर हळूच चालवायचं. तळाखालून वाळू सरकल्याचा खर्र आवाज आला आणि आम्ही बाहेर होतो.

वाळू आणि इम्पेलर यांचं वैर आहे, हे पुढच्या महिन्यांत समजत गेलं. उथळ पाण्यात पंखा वाळू ढवळतो, ती पाण्याबरोबर आत जाते आणि इम्पेलरच्या रबरी पाकळ्या घासते. धार आधी बारीक होते, मग तुटक. पाकळ्या कडक होऊन एका बाजूला वाकून बसलेल्या दिसल्या की बदलायच्या. पुर्जा स्वस्त आहे, पण तो बिघडून मशीन तापलं तर होणारा खर्च स्वस्त नाही. म्हणून आता बांधाच्या आत-बाहेर अगदी उथळ जागी मी मशीन बंद करून पूर्ण वर उचलतो आणि वल्ही काढतो. आमची वल्ही होडीतून गेलेली नाहीत. शीडही बाबांनी होडीतून काढू दिलं नाही, आणि बरोबर केलं. मतलई असली की जाताना मी अजूनही शीड उभारतो. फुकटचा वारा सोडून पेट्रोल का जाळायचं?

पेट्रोलचा हिशोब या सगळ्या प्रकरणाची दुखरी बाजू आहे. पूर्ण उघडून चालवलं तर ९.९ ला तासाला साडेतीन-चार लिटर लागतं. अर्ध्यावर आणलं तर निम्म्याहून कमी, आणि होडीचा वेग मात्र नॉटभरानेच उतरतो. वर सांगितलेल्या मर्यादेमुळेच हे होतं. शेवटच्या नॉटची किंमत सगळ्यात जास्त असते. शंभराच्या वरचं पेट्रोल आणि पेडवा-तारली अशा मासळीला मिळणारा भाव यांचा मेळ घालायचा तर दांड्यावरचा हात आवरावाच लागतो. चुलतभाऊ मागून येऊन पुढे जातो. जाऊ दे. लिलावाला आम्ही दोघं एकाच वेळी उभे असतो.

दुसरं दुखणं इथेनॉलचं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि समुद्रावरच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. अर्धी भरलेली टाकी बरेच दिवस पडून राहिली आणि ओलावा जास्त झाला की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. नळीचं तोंड तळाशीच असतं, त्यामुळे मशीन पहिल्यांदा तेच ओढतं. एकदा बाटलीत काढून बघितलं, खाली पाण्यासारखा थर, वर पिवळसर पेट्रोल, मधली रेघ स्पष्ट. मेस्त्री म्हणाले, "ह्या पेट्रोल पयल्यासारख्या ऱवला नाय." उपाय म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर नळीत बसवला, त्याला खाली पारदर्शक वाटी असते. आणि लागेल तेवढंच पेट्रोल आणायचं, टाकीत साठवून ठेवायचं नाही. सहा-सात दिवस जायचं नसेल तर नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जळू देतो.

जाळ्याचा त्रास सगळ्यांनाच होतो. तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, पाण्यात दिसत नाही, आणि होडी मागे वाहत आली की पंख्यात शिरतो. आतल्या मशीनच्या होडीवर यासाठी माणसाला सुरी घेऊन पाण्यात उडी मारावी लागते. आउटबोर्ड बंद करायचं, वर उचलायचं, फळीवर वाकून तंगूस कापायचा. हात ओले होतात, तेवढंच. पण कापून झालं म्हणजे काम संपलं असं नाही. तंगुसाचा बारीक तुकडा पंख्याच्या मागे शाफ्टभोवती गुंडाळून राहतो आणि हळूहळू तिथलं सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं. म्हणून घरी आल्यावर नट काढून पंखा ओढून बघायचा, आणि महिन्यातून एकदा खालचा स्क्रू किंचित सैल करून तेलाचा थेंब बोटावर घ्यायचा. तेल दुधाळ दिसलं तर सील गेलं. माझं एकदा गेलं, एकदाच, आणि ते वेळीच दिसलं कारण मशीन माझ्या अंगणात होतं. होडीच्या तळाखाली असतं तर मी ते दिवाळीपर्यंत बघितलं नसतं.

हो, अंगणात. मशीन मी घरी आणतो. दोघं असलो तर बांबूला अडकवून, एकटा असलो तर दोन चाकांच्या गाड्यावर, जो वाळूत रुततो आणि शिव्या खातो. चोरीची भीती हे एक कारण. दुसरं, गोडं पाणी. खाऱ्या पाण्याने मशीनच्या आतल्या वाटा मिठाने बुजतात. अंगणात निळं पिंप आहे, ते विहिरीच्या पाण्याने भरतो, मशीन लाकडी घोड्यावर टांगून पाय पिंपात सोडतो आणि पाच-सात मिनिटं हळू चालवतो. पहिल्यांदा शेजारची म्हातारी पळत आली, अंगणात होडीचा आवाज कसा म्हणून. पिंपातलं पाणी नंतर खारट लागतं, ते माडाला घालता येतं. पायाला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. खारं पाणी धातू खातं, ते आधी हा तुकडा खातं आणि मशीन वाचतं. तो निम्मा झिजला की बदलायचा. त्याला रंग लावायचा नाही. वाडीत एकाने होडीबरोबर तोही रंगवून टाकला होता, दिसायला छान होतं.

बंदीच्या दोन महिन्यांत मशीन पडवीत उभं असतं. पेट्रोल काढलेलं, गिअरचं तेल नवं, प्लग काढून आत दोन थेंब तेल सोडून दोरी हळू ओढलेली. उंदीर नळ्या कुरतडतात म्हणून झाकणाखाली डांबराच्या गोळ्या ठेवतो. त्यांचा वास मशीन सुरू केल्यावरही चार दिवस येत राहतो.

यंदा एक बदल करतोय. पंखा. मशीनबरोबर आलेला पंखा हलक्या होडीच्या हिशोबाचा होता. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात किती इंच पुढे जाईल त्याचं माप. जाळं आणि बर्फ भरलेला असताना माझं मशीन पूर्ण उघडूनही दमल्यासारखं चालतं, फेरे पूर्ण घेत नाही. पुस्तिकेत मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे लिहिलेत. मेस्त्रींनी त्यांचं फेरे मोजायचं यंत्र लावून बघितलं, तेवढ्याला पोचत नव्हतं. पिच इंचभर कमी केला की मशीन मोकळं होईल, रिकाम्या होडीचा वेग थोडा उतरेल आणि भरलेल्या होडीला मुखातल्या प्रवाहात जोर मिळेल. पंखा मागवलाय. या वेळी पार्ट नंबर, आतल्या दात्यांची संख्या आणि व्यास तिन्ही लिहून घेतले आहेत, आणि जुन्या पंख्याचा फोटोही पाठवलाय. नारळी पौर्णिमेच्या आत आला तर बरं, नाहीतर पहिले काही दिवस जुन्यावरच जाईन.